वादळ आलं तेव्हा समुद्रावर कोणी नव्हतं

काका बोट घेऊन समुद्रावर होते, वादळात गेले. त्यानंतर महिनाभराने मी पुन्हा शाळेत जायला लागले. विज्ञानाच्या बाई त्यांच्या गावाहून, सांडोरहून, सायकलवर आमच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात यायच्या. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर पृथ्वी काढली, वर एक ठिपका काढला.

"हा उपग्रह. तुमच्या हयातीत वादळ येईल आणि समुद्रावर एकही बोट नसेल. सगळ्यांना आधीच कळलेलं असेल."

मला रागच आला. घरी आय बोंबील वाळत घालत होती. तिला सांगितलं, तर म्हणाली, "बाईंना पानी ठाऊक नाय. वादळ कोनाला सांगून येतं?"

पुढे मी शिकले, नोकरीला लागले. घरची बोट भावाकडे आली.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. भाऊ खोल समुद्रात होता. वहिनीच्या फोनवर वादळाचा इशारा आला. भावाला तो बोटीवरच्या यंत्रावर मिळाला होता. इकडे आभाळ निरभ्र, वारा पडलेला. आय धक्क्यावर जाऊन बसली ती उठेचना. एकेक बोट येत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ आला, वैतागलेला. मासळी नुकती लागायला लागली होती आणि जाळी ओढून घ्यावी लागली. त्याच्यामागून आणखी दोन बोटी आल्या. मग कोणी यायचं राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वादळ आलं. आमचे पत्रे उडाले, समोरचा माड मोडून पडला. आम्ही सगळे खिडकीशी उभे होतो. नजर जाईल तिथवर पाणी पांढरं होऊन उसळत होतं, आणि त्यावर माणूस नव्हता. असा समुद्र गावात कोणी पाहिला नसेल.

आयने माझं मनगट धरलं. "मला त्या बाईंकडं ने."

आठवड्याने सांडोरला गेलो. बाई आता खूप थकल्यात, केळीच्या वाडीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. तो तास त्यांना आठवत नव्हता. आयने सगळं सांगितलं, काकांचंही. बाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आता आणखी एक सांगते. तुमच्या पणतवंडांना कॅन्सर म्हणजे काय ते पुस्तकात वाचावं लागेल. बघा तुम्ही."

या वेळी आयने वाद घातला नाही. खुर्ची जवळ ओढून तिने विचारलं, "ते कसं काय? नीट समजावून सांगा."