टॉमीच्या दगडापुढचा झेंडा

अमेरिकेतली आमची पहिली लांबची ट्रिप नायगाराची व्हायची होती. झाली एका दफनभूमीची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा सुधीर पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी पीएचडी करत होता आणि आम्ही हेलनच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. तिचा नवरा वॉल्टर आदल्याच हिवाळ्यात गेला. हेलनला गाडी चालवता येत नव्हती. मे महिन्यात ती जिना चढून वर आली आणि दारातच म्हणाली, "मला टॉमीकडे न्याल का?" टॉमी तिचा एकुलता एक मुलगा, व्हिएतनाममध्ये मारला गेलेला. त्याला परत आणून तिच्या माहेरगावी पुरलं होतं. नाही कसं म्हणणार?

मे महिन्याचा शेवटचा सोमवार इथं युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा. त्या सुट्टीत रस्ते तुंबतात, म्हणून जाणार असाल तर आमच्यासारखे शनिवारी सकाळी लवकर निघा. आम्ही अल्टूनापर्यंत २२० नंबरचा रस्ता घेतला आणि तिथून २२ नंबरनं डोंगर चढलो. आता हायवे झालाय, तेव्हा घाटात आमची जुनी गाडी धापा टाकत होती.

"सुधीर, इंजिन गरम होतंय बघ."

"यार, तू मॅप बघ ना. गाडी मी ड्राइव्ह करतोय."

घाटमाथ्यावर एका डायनरमध्ये थांबलो. शाकाहारी म्हणजे काय, हे समजावण्यात वेळ घालवू नका. ग्रिल्ड चीज सँडविच आणि चेरी पाय मागवा, झकास मिळतं. कॉफी तर न मागता पुन्हा पुन्हा ओततात. त्या कॉफीवर हेलन बोलती झाली. सैनिकाच्या थडग्यासाठी सरकार पांढरा संगमरवरी दगड फुकट देतं, वर नाव, हुद्दा आणि युद्ध कोरलेलं. वॉल्टर स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढलेला. त्याला मुलासाठी तोच दगड हवा होता.

"मी म्हटलं, ज्यांनी माझा मुलगा नेला त्यांचा दगड त्याच्या उशाशी नको," हेलन म्हणाली. तिनं स्वतःच्या पसंतीचा करडा ग्रॅनाइट आणला. त्यावर फक्त नाव, तारखा आणि 'आमचा मुलगा'. सैन्याचा उल्लेखही नाही. "तरी दरवर्षी सरकारी माणसं तिथं झेंडा लावून जातात. मी जाते आणि उपटून टाकते!" हे सांगताना ती अगदी ठसक्यात होती. मला ती तेव्हा आवडलीच.

दफनभूमी गावाबाहेरच्या उतारावर आहे. गवत ओलं असतं, साधे बूट घालू नका. टॉमीच्या दगडाच्या दुसऱ्या अर्ध्यावर हेलनचं स्वतःचं नाव, जन्मसाल आणि पुढे कोरी जागा! जिवंत बाईचं नाव थडग्यावर बघून मी दोन पावलं मागे सरकले. हेलनला त्यात काहीच वाटत नव्हतं. शेजारी वॉल्टरचा पांढरा सरकारी दगड. आपल्याला तोच हवा, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. नवराबायकोचं इथंही पटलं नव्हतं.

वॉल्टरपुढे नवा झेंडा फडफडत होता. टॉमीपुढे काहीच नव्हतं. हेलन गोंधळून इकडेतिकडे बघू लागली.

आपल्याकडे समाधीपुढे काढतो तसे आम्ही दोघांनी सवयीनं बूटमोजे काढले आणि ओल्या गवतात हात जोडून उभे राहिलो. इथं असं कोणी करत नाही, हे डोक्यातही आलं नाही. खालच्या रांगेत माजी सैनिकांच्या टोप्या घातलेले दोन म्हातारे बादलीतले झेंडे थडग्यांपुढे खोचत होते. त्यातला एक आम्हाला बघून वर आला.

"अनवाणी उभे आहात, एवढा मान देताय म्हणून विचारतो," तो म्हणाला. "हा मुलगा सैन्यात होता का? आम्ही दगड वाचून झेंडे लावतो. यावर तर काही लिहिलेलं नाही."

"पण दरवर्षी तुम्ही लावता ना?" हेलननं विचारलं.

"आम्ही नाही, मॅडम. इथं कधीच नाही."

हेलनचा चेहरा उतरला. दरवर्षी सुट्टीच्या आधी, ती सांगू लागली, वॉल्टर एकटाच इथं यायचा. गवत कापायला, असं सांगून. मग सोमवारी तिला घेऊन यायचा आणि ती झेंडा उपटायची तेव्हा मुकाट्यानं बाजूला उभा राहायचा.

"याला वॉल्टरसारखा पांढरा दगड मिळेल आता?" तिनं हळूच विचारलं.

"सरकार बिनदगडाच्या थडग्यालाच देतं. हा काढावा लागेल."

तिनं मान हलवली, नको. मग हात पुढे केला. "होता तो सैन्यात. झेंडा द्या. मीच लावते."

संध्याकाळी परत आलो. घरापाशी गाडी थांबली तरी हेलन उतरेना. दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणाली, "वॉल्टरसमोर उपटायचे गं मी. एकदा तरी ओरडायचं होतं त्यानं माझ्यावर."

मला रडू आवरलं नाही.

नंतर नायगारा पाहिला, ग्रँड कॅनियन पाहिली, आल्बम भरले. या ट्रिपचा एकही फोटो नाही. पण सुधीर कधी गप्प गप्प झाला, की मी खोदून खोदून विचारते. तो चिडतो. चिडू दे, चिडला की निदान बोलतो तरी.