कोमातली सही

मी आजवर इतक्यांदा मेलोय की दहाव्याच्या कावळ्यांना माझी आवडनिवड पाठ आहे. सगळं कॅमेऱ्यासमोर, अर्थात. ट्रकखाली गेलोय, विष प्यायलोय, एकदा तर सुनेचा टोमणा ऐकून जागच्या जागी आटोपलोय. आमच्याकडे रीत अशी की मरणाचा सीन झाला की प्रॉडक्शनवाले नटाला पेढा भरवतात आणि त्याचा हसता फोटो काढतात. हसल्याशिवाय घरी सोडत नाहीत, अपशकुन पुसायचा असतो. असल्या फोटोंनी माझा आख्खा ड्रॉवर भरलाय.

ही गोष्ट ज्या मालिकेतली, तिच्यात मी नायिकेचा मोठा काका होतो. आमचा कोल्हापूरचा खानदानी बंगला साकीनाक्याच्या एका गाळ्यात उभा होता. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनत, आणि ते मशीन थांबेपर्यंत आमच्या घराण्यात कुणाला हळवं व्हायची परवानगी नव्हती. त्याआधी मी दीड वर्ष कांदिवलीत घरी बसून होतो. खिडकीतली कबुतरं मला एकेरीत हाक मारायला लागली होती. तेव्हा हे काम म्हणजे काय, ते सांगायला नको.

नायिकेची आजी करणाऱ्या ताई सत्तरीला टेकलेल्या, मूळच्या मालवणकडच्या. कुजबुजल्या तरी वाकोल्यापर्यंत ऐकू जायचं. एका संध्याकाळी आरतीच्या सीनमध्ये, सकाळी सातपासून उभ्या असलेल्या ताई तबकासकट कोसळल्या. दिग्दर्शक मॉनिटरमागून ओरडला, "वा ताई! फक्त जरा डावीकडे पडा." आता 'वा' म्हणाला नसेलही, पण 'डावीकडे' शपथेवर सांगतो.

दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर ताई परत आल्या त्या नटांच्या युनियनचे फॉर्म घेऊनच. सभासद झालं की बारा तासांनी पॅकअप मागता येतो. नाही दिला तर युनियनची माणसं सेटवर येऊन उभी राहतात. पण त्यासाठी सेटवरचे बरेचसे नट सभासद हवेत. ताईंनी स्वतःचा फॉर्म भरला होता.

"तू भरलंस की बाकीचे भरतले," त्या म्हणाल्या. "माज्या एकटीचा कोण ऐकतलो?"

"भरतो की, ताई. फोटो नाही ना माझ्याकडे."

ड्रॉवरभर फोटोंचा मालक हे बोलला. ताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मेकअप उतरला.

ही बातमी प्रॉडक्शन कंट्रोलरपर्यंत पोचायला चहा गाळण्याइतका वेळ लागला. हा सेटवरचा कारभारी, वागायला तुपासारखा. "सर, गंमत दाखवतो," म्हणत तो मला प्रॉपर्टीच्या, म्हणजे सेटवरच्या सामानाच्या खोलीत घेऊन गेला. तिथे खोटी तलवार आणि चार समयांच्या मध्ये मी होतो. फ्रेममध्ये, गळ्यात चंदनाचा हार.

"आर्टवाल्यांनी तयार ठेवलाय, उगाच," तो म्हणाला. "चॅनलचं काय सांगता येतं, सर? लोक युनियन-बिनियनच्या नादाला लागतात आणि चांगल्या ट्रॅकची वाट लागते. फोटो झकास आलाय ना?"

सेटवर माझा वाढदिवस केला होता, तेव्हाचा फोटो. मिशीला केकचं क्रीम लागलेलं, तेसुद्धा पुसलं नव्हतं. आजवर शंभर वेळा हार घातलाय मी, पण त्या दिवशी पहिल्यांदा मानेला खाज सुटली.

घरी सांगितलं. बायको भाजी चिरत म्हणाली, "परत त्या कबुतरांपाशी बसणार असाल तर आधी सांगा, मी माहेरी जाते." मग सुरी थांबली. "ताई बऱ्या आहेत का पण आता?"

त्या आठवड्यात मालिकेत आमच्या काकांना हार्ट अटॅक आला आणि ते कोमात गेले. ना जिवंत, ना मेलेले. कारभाऱ्याला याहून स्पष्ट बोलायची गरज नव्हती. गाळ्याच्या कोपऱ्यात हॉस्पिटल उभं राहिलं, माझ्या नाकात नळ्या गेल्या. पेशंटच्या सदऱ्याच्या खिशात फॉर्म होता. भरलेला, बिनसहीचा, फोटोचा चौकोन रिकामा.

सीन ताईंचा. माझ्या कपाळावर हात ठेवून त्यांनी रडायचं, मी डोळे मिटून पडायचं. बारा तास कधीच उलटले होते. एक अँगल झाला, दुसरा झाला. "अजून एकच," दिग्दर्शक म्हणाला. हे तो तिसऱ्यांदा म्हणत होता. ताईंचा हात कपाळावर आला आणि थरथरायला लागला. आधी वाटलं, काय अभिनय आहे! मग त्या हातावर ताईंचा सगळा भार आला. त्या माझ्या डोक्याचा आधार घेऊन उभ्या होत्या.

मिटल्या पापण्यांआड मला एकीकडे हार दिसे, एकीकडे कबुतरं. कॅमेरा चालू. हात घसरत कानापर्यंत आला.

मी डोळे उघडले. नळ्या उपटल्या, उठून बसलो आणि ताईंना कॉटवर बसवलं.

"कट! अरे यार, तू कोमात आहेस!"

"शुद्धीवर आलो," मी म्हणालो. "पेन द्या कुणीतरी."

कुणी हलेना. बादल्यांचं मशीन तेवढं धडधडत होतं. बहुतेक ते माझ्या छातीतच चालू होतं. शेवटी नायिकेनं डॉक्टर झालेल्या नटाच्या खिशातलं पेन काढून दिलं. मी मांडीवर कागद ठेवून सही केली. पेन परत द्यायला गेलो तर तिनं ते घेतलं आणि खिशात न ठेवता विचारलं, "ताई, माझा फॉर्म आहे ना तुमच्याकडे?"

तिच्यामागे डॉक्टर. त्याच्यामागे आमची खलनायिका. कारभारी दारात उभा राहून बघत होता. सगळ्यांनाच हार घालायचे तर त्याला फुलवाल्याचीच मालिका काढावी लागली असती.

पण एक हार तयार होताच. पुढच्याच आठवड्यात काका गेले, तेही पडद्यामागे. मला मरायलासुद्धा बोलावलं नाही. पेढा नाही, फोटो नाही.

त्या रविवारी ताई कांदिवलीला आल्या. पेढ्यांचा पुडा बायकोच्या हातात दिला, एक माझ्या तोंडात कोंबला आणि मोबाइल रोखला. "हस मेल्या."

"सेटवर काय म्हणतात?"

"बारा तास झाले की पॅकअप. भिंतीवरच्या तुझ्या फोटोखाली चपला घालून घरी निघतो आम्ही."

"मिशीवरचा क्रीम पुसलान कुणी?" मी त्यांचीच भाषा मारली.

"नाय रे! मुंगयो लागल्यात."

मला हसू फुटलं, पेढ्यासकट. फॉर्मवरच्या रिकाम्या चौकोनात आता ताईंनी तेव्हा काढलेला तोच फोटो आहे.