म्हशीच्या कातड्याचा पट्टा
नातीने नवी पर्स मांडीवर ठेवली आणि कातड्याच्या वासाने मला सीताबर्डीतलं आमचं पन्नासेक वर्षांपूर्वीचं दुकान आठवलं. नवरा पर्स शिवायचा, मी कातडं कापायची. एकदा धंतोलीची एक डॉक्टरीणबाई भारी पर्स बनवून घ्यायला आली. नवऱ्याने तिच्यापुढे बकरीच्या पिल्लाचं मऊ कातडं पसरलं. मी त्यावर नख ओढलं, तर ओरखडा राहिला. मी म्हटलं, "बाई, हे टिकत नाही. म्हशीचं घ्या." "तुले कोनं विचारलं वं? गिऱ्हाईक काहून तोडून राहिली?" म्हणत नवऱ्याने म्हशीच्या कातड्याचा पट्टा उचलला आणि तिच्यासमोरच माझ्या पाठीवर ओढला. दुसऱ्या फटक्याला पाठ फुटली. तिसऱ्यासाठी हात उठला, तेव्हा मी कातडं कापायची रापी त्याच्या तळहातावर चालवली. मऊ कातड्यावर रक्त सांडलं ते तिथेच मुरलं. पट्ट्यावरचं मी पदराने पुसलं, ते साफ निघालं. बाई म्हणाली, "म्हशीचंच करा. आणि खांद्याला अडकवायचा बंद याच पट्ट्याचा लावा." ती पर्स मी एकटीने शिवली, कारण नवऱ्याची मूठ पुढे कधी नीट वळलीच नाही. आता नातीच्या पर्सवर मी नख ओढून पाहिलं. ओरखडा राहिला. "बदलून आण वं," म्हटलं.