तेल निथळेपर्यंत बसा की

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत न्हाई. गाडीच्या बुडाला चिखल बसतो तसे ते बसत जातात. वरून कितीबी गाडी धुवा, ते जात न्हाईत. खाली पाठीवर पडून खरवडायला लागलं की ढपल्या निघतात, अन् नेमक्या आपल्याच तोंडावर पडतात!

मी लातूरचा मिस्त्री. चौथीला शाळा सोडली अन् पाना धरला. आता गुडघे गेले, दुकान बंद केलं. पण ओळखीच्या गाड्यांचं तेल घरच्या अंगणात अजून बदलून देतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला काम सुटत न्हाई. खोटं हाय. काम कवाच सुटलं. खरी गोष्ट अशी, की चेंबरचा नट काढला की जुनं तेल निथळायला वेळ लागतो. बाकीचे मिस्त्री दहा मिनिटांत नट परत लावतात. मी अर्धा तास लावत न्हाई. तेवढा वेळ गाडीवाल्याला खुर्चीवर बसावंच लागतं. जाणार कुठं? गाडी तर माझ्याकडं! बायको गेली, एकुलता पोरगा नागेश पुण्याला. दुसरं कोण बसणार माझ्यासंगं?

०

भूकंपाच्या साली गाड्यांचा सगळा लोखंडाचा कारभार होता. मदतीच्या जीपा खेड्यांतून खडखडत यायच्या, मी तेल बदलून परत धाडायचो. एकदा भर दुपारी मी जीपखाली, नट नुकताच काढलेला, अन् जमीन परत हलली. बारकाच धक्का. पण तवा घरात भांडं पडलं तरी गल्ली रस्त्यावर यायची. सगळे मैदानाकडं पळाले. माझी बायको कलावती तेवढी उलटी पळत आली, माझे दोन्ही पाय धरले अन् फराफरा बाहेर ओढलं. काळ्या तेलाचं घमेलं माझ्या तोंडावर पालथं!

मी वरडलो, "अगं, डोळ्यांत तेल गेलं की!"

ती म्हणली, "डोळे जाग्यावर हायेत म्हणून तर गेलं!"

तिला जाऊन सहा वर्षं झाली. आता जमीन हलली तर माझं मलाच सरकावं लागंल.

०

पुढं गावात क्लासचं पीक आलं. ज्या गल्लीत म्हशी बांधायचे तिथं फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पाट्या लागल्या. सर लोकांकडं नव्या गाड्या आल्या, अन् नव्या गाड्यांच्या पोटाखाली आलं प्लास्टिकचं झाकण. ते काढल्याबिगर तेलाच्या नटाला हात पोचत न्हाई. अन् झाकण धरलंय कशानं? बोल्ट न्हाई, स्क्रू न्हाई. शर्टाच्या बटणाएवढ्या प्लास्टिकच्या पिना! दहा काढल्या की चार तुटणार. त्या जागी नव्या बसवल्या न्हाईत तर झाकण लोंबतं अन् रस्त्यानं फडफडत जातं.

एक फिजिक्सचे सर स्वतःच घरी तेल बदलायला गेले. तिसऱ्या पिनीला हात टेकले अन् गाडी माझ्या अंगणात आणून लावली. झाकण अर्धं लोंबतंय, सरांच्या खिशात पिनांचा चुरा.

मी म्हणलं, "सर, तुम्ही एवढ्या पोरांना डॉक्टर करून राहिलात. एक पिन निघंना?"

सर कपाळाचं तेल पुसत म्हणाले, "मिस्त्री, हे सिलॅबसमध्ये नाही!"

०

मला तरी कुठं येत होतं म्हणा! मी आपला पेचकस घालून उपटायचो. कट्, तुटली. कट्, तुटली. वर शिव्या कंपनीला. एक दिवस बँकेतल्या मॅडम आल्या. तेल निथळेपर्यंत खुर्चीवर बसून मोबाईल बघून राहिल्या. म्हणतात, "काका, यात दाखवतायत, पिनीच्या मधला ठिपका आधी आत दाबायचा. मग अख्खी पिन आपोआप सुटते."

मी म्हणलं, "मग मोबाईललाच घाला की गाडीखाली!"

झाकण अजून एका पिनीवर लोंबत होतं, ती त्यांची नजर चुकवून दाबली. कण्हेरीचं फूल निघावं तशी अलगद हातात आली. शरमेनं दोन दिवस मी कुणाशी बोललो न्हाई.

बोलायला कुणी न्हवतंच, ते वेगळं!

०

शेजारी रशीदभाई डेंटर, गाड्यांचे पोचे काढणारा. चाळीस वर्षं भिंतीला भिंत. त्याचं म्हणणं, जुन्या साठ्यातल्या पिना कडक होतात, बसवायच्या आधी गरम पाण्यात टाकाव्या, म्हंजे नरम पडतात. बरोबर हाय ते. पण एकदा त्यानं मूठभर पिना चहाच्याच किटलीत टाकल्या, अन् तो चहा मला दिला!

मी म्हणलं, "रशीद, चहाला वास कसला रे?"

"ओरिजिनल पार्ट हैं मियाँ, चुप पी!"

मागच्या साली त्याची लेक त्याला उदगीरला घेऊन गेली. चांगलं झालं, म्हातारपणी माणसाला माणूस लागतं. परवा फोन आला. मी विचारलं, "कसं हाय तिकडं? काम मिळतंय का?"

"काम का क्या, गाड्याँ भौत हैं इधर," तो म्हणला. "पन गाल्याँ देनेवाला कोई नै!"

मी त्याला तिथल्या तिथं चार शिव्या दिल्या. लई वेळ हसला. मग फोन कुणी ठेवायचा तेच ठरंना.

०

वरच्या खोलीत किनवटकडचा एक बाप लेकीला घेऊन राहायला आला. पोरीला डॉक्टर करायचं म्हणून शेती भावाला लावून दिलेली. जुनी गाडी होती त्याची. म्हणलं, आण खाली, तेल बदलतो. खाली शिरून बघतो तर एकबी पिन प्लास्टिकची न्हाई! वेळूच्या खुंट्या तासून ठोकल्या होत्या पठ्ठ्यानं. मी काढून नव्या पिना बसवायला गेलो तर खुंटी काही हलंना, माझंच बोट फुटलं.

"राहू द्या मामा," तो म्हणला, "गाडी जाईल, खुंटी नाही जायची."

दोन वर्षं राहिले. पोरगी रोज पहाटे जिन्यात बसून मोठ्यानं पाठ करायची. तिच्यामुळं मला बेडकाची सगळी हाडं पाठ झाली. निकाल लागला. तिचा नंबर न्हाई लागला. बापानं दोन दिवसांत सामान बांधलं. जाताना पोरगी पाया पडली अन् म्हणली, "आजोबा, तुमची झोप मोडायचे ना मी रोज?"

मी म्हणलं, "लई मोडलीस." 

आता पहाटे चारला जाग येते अन् जिना गप असतो. खोली पुन्हा कुणाला दिली न्हाई.

०

आता नागेशचं. पोरगा गुणाचा हाय, वाईट न्हाई. पण वर्षातून दोनदा येणार, सकाळी येणार, जेवणार, अन् ऊन उतरलं की गाडी वळवणार. "अप्पा, उद्या मीटिंग आहे." तेल बदलण्यापुरता तेवढा खुर्चीवर टेकतो. तो अर्धा तास माझा.

यंदा आला. मी सवयीनं गाडी जॅकवर उचलली, टेकूला लोखंडी घोड्या लावल्या, घमेलं काढलं. तर म्हणतो, "अप्पा, राहू द्या. मागच्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरला तेल बदललं. तुमच्या गुडघ्यांना कशाला त्रास?"

"बघू दे तरी."

खाली शिरलो. झाकण लख्ख धुतलेलं, पिना झाडून नव्या. करायला काहीच न्हाई. पडल्या पडल्या नुसते त्याचे बूट बघत होतो. बुटांची तोंडं फाटकाकडं.

मी एका पिनीखाली पेचकस घातला. मधला ठिपका दाबला न्हाई. कट्!

"काय झालं, अप्पा?"

"पिन तुटली. असली लातुरात मिळत न्हाई. नांदेडहून मागवावी लागंल. दोन दिवस लागतील."

बूट जागचे हलंनात. नागेश याच अंगणात वाढलेला. एका पिनीवाचून गाडी अडत न्हाई, हे त्याला मी काय सांगायचं? केबल टाय बांधला की गाडी पुण्याला काय, दिल्लीला जाते. अन् माझ्या घरात पिनांचा डबा भरलेला असतो, तेबी त्याला ठाऊक. मला वाटलं, आता हसंल. न्हाईतर चिडंल.

एक बूट निघाला. मग दुसरा. नागेश इस्त्रीच्या कपड्यांनिशी फरशीवर पाठ टेकून सरकत सरकत माझ्या शेजारी आला. माझ्याकडं बघितलं न्हाई. वर झाकणाकडं बघत राहिला. मग माझ्या हातातला पेचकस घेतला.

कट्!

"अप्पा," तो म्हणला, "हीबी गेली की. हिला आणखी किती दिवस धरायचे?"