एकशे चौदा माणसांचं दुकान

दवाखान्यात औषधं कालवून बाटल्या भरायचं काम बंद होऊन वीस वर्षं झाली होती, तरी गाव त्याला कंपाउंडरच म्हणत असे. डॉक्टर मंगळवारी येत. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे एक लाकडी कपाट, एक वजनकाटा, दोन बाकं आणि कंपाउंडर. कोणाला काय झालंय हे त्याला बहुतेक वेळा माणूस दारात असतानाच कळायचं. पण कळणं हे त्याच्या कामात बसत नव्हतं. ताप मोजणं, पट्टी बांधणं आणि "खाली जा" म्हणणं, एवढंच बसत होतं. खाली म्हणजे अठरा किलोमीटरवरच्या शहरात. एकतीस वर्षांत त्याने किती जणांना खाली पाठवलं याला गणती नव्हती, आणि त्यातले काही वर परत आले नाहीत, ही गोष्ट तो कधी बोलून दाखवत नसे.

त्याचं दुसरं काम म्हणजे गावाचे फॉर्म भरणं. हे काम त्याला कोणी दिलं नव्हतं. त्याचं अक्षर चांगलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. शाळेचा दाखला असो, परीक्षेचा अर्ज असो, ओळखपत्र असो, माणसं कागद घेऊन बाकावर येऊन बसत आणि खोकला आहे असं सांगून सुरुवात करत. कंपाउंडर आधी खोकल्याचं औषध देई, मग पेन काढी.

पत्त्याच्या रकान्यात मात्र तो गावाचं नाव लिहीत नसे. लिहून उपयोगच नव्हता. वर टपाल येत नव्हतं. टपाल कमी म्हणून पोस्टमन नेमला नव्हता, आणि पोस्टमन नाही म्हणून कोणी इथला पत्ता देत नव्हतं, म्हणून टपाल आणखी कमी. यावर कंपाउंडरने नोकरीच्या पहिल्याच वर्षी तोडगा काढला होता. खाली बाजारात त्याच्या मेहुण्याचं औषधांचं दुकान होतं. सगळ्या गावाचा पत्ता तो तिथला लिही. मेहुणा पत्रं गोळा करी आणि दुपारच्या बसने वर पाठवी. एकदा नवीन पोस्टमनने "हे लोक इथं राहतात का?" असं विचारून गठ्ठाच परत नेला, तेव्हा कंपाउंडरने मेहुण्याला बजावून ठेवलं, "कोणीही येऊन विचारलं की हो म्हणायचं. इथंच राहतात म्हणायचं." मेहुणा गुणी माणूस. सांगितलेलं विसरत नसे.

असं करता करता दहा बाय बाराच्या त्या दुकानात एकशे चौदा माणसं राहायला आली. कागदावर. त्यात कंपाउंडरच्या धाकट्या भावाची मुलगीही होती.

ही पुतणी लहानपणापासून दवाखान्याच्या बाकावर बसून अभ्यास करी. पुढे बसने खाली शाळेत जाऊ लागली, तरी संध्याकाळी बाकावर हजर. आलेल्या माणसाकडे बघून ती हळूच म्हणे, "काका, कावीळ ना?" आणि काका म्हणे, "आपलं काम नाही ते. तू गणित कर." पण रात्री जेवताना बायकोला सांगे, "पोरीने आज बरोबर ओळखलं." प्रवेश परीक्षेत तिला चांगले मार्क पडले. शहरातल्या शिकवणीवाल्या पोरांइतके नव्हेत, पण मेडिकल कॉलेजात खेड्यातल्या मुलांसाठी वेगळ्या जागा होत्या, आणि तेवढ्यासाठी ते पुरून उरत होते. अट एकच: मुलगी सलग दहा वर्षं खेड्यात राहिलेली हवी. अर्ज कंपाउंडरनेच भरला. एका बैठकीत, खाडाखोड न करता.

पडताळणीला एक अधिकारी निघाला. अर्जावरचा पत्ता बघून तो सरळ मेहुण्याच्या दुकानात गेला आणि त्याने विचारलं, "ही मुलगी इथं राहते?"

"हो," मेहुणा म्हणाला. "इथंच राहते."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

अधिकाऱ्याने तसं लिहून घेतलं. मेहुण्याने त्याला घशासाठी गोळ्याही दिल्या. आठ दिवसांनी त्याच दुकानात पत्र आलं: अर्जदार शहरात राहत असल्याचं समक्ष चौकशीत आढळलं, सबब ती या जागेस अपात्र आहे, म्हणणं मांडायचं असल्यास अमुक तारखेला समितीपुढे हजर व्हावं.

मेहुणा ते पत्र घेऊन स्वतः वर आला. एकतीस वर्षांत तो पत्र घेऊन स्वतः कधी आला नव्हता, तेव्हा त्याचा चेहरा बघूनच कंपाउंडर काय ते समजला.

"तूच सांगितलं होतंस," मेहुणा म्हणाला.

"मीच सांगितलं होतं," कंपाउंडर म्हणाला. दोघांत भांडायलाही जागा नव्हती.

मेहुण्याने वाटेत विचार करून ठेवला होता. "असं करू. पत्ता शाळेच्या क्लार्कने चुकवला म्हणायचं. तो गेला वारून. मेलेल्या माणसाची नोकरी कशी जाणार?"

नोकरीचा प्रश्न होता खरा. कंपाउंडरला निवृत्त व्हायला चार महिने राहिले होते. निरोप समारंभात काय बोललं जाईल, तेही त्याने मनात तयार ठेवलं होतं: एकतीस वर्षांत एकही ठपका नाही. हे वाक्य जिल्ह्याचे साहेब बोलतील, मग टाळ्या होतील, मग आपण मान खाली घालू. मान किती खाली घालायची हेही ठरलं होतं. आता समितीपुढे खरं सांगायचं म्हणजे सरकारी कागदांवर एकतीस वर्षं चुकीचे पत्ते आपण स्वतः लिहिले हे कबूल करायचं. त्याची पाचावर धारण बसली.

सुनावणीच्या दिवशी बसमध्ये तो पहिले बारा किलोमीटर मेलेल्या क्लार्कचाच विचार करत होता. क्लार्क तसा आडमुठा होता. एकदा त्याने कंपाउंडरला दोन तास उन्हात उभं केलं होतं. त्याच्यावर ढकलायला मन फारसं खात नव्हतं. शेजारी पुतणी खिडकीतून बाहेर बघत बसली होती.

"काका," ती एकदम म्हणाली, "तुम्ही काही कबूल करू नका. मी पुढच्या वर्षी परत परीक्षा देते."

"आणि पत्ता कुठला देशील?"

ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. आणि कंपाउंडरला स्वतःची लाज वाटली. अठरा वर्षांची पोर त्याचा निरोप समारंभ वाचवायला एक वर्ष सोडून द्यायला निघाली होती, आणि तो एका मेलेल्या माणसाशी जुना हिशेब चुकता करत बसला होता. उरलेले सहा किलोमीटर त्याने काहीच विचार केला नाही.

समितीची खोली लांबट होती. तीन खुर्च्यांपैकी मधल्या खुर्चीत पांढऱ्या केसांच्या एक डॉक्टरबाई होत्या. उजवीकडचे गृहस्थ फाइल चाळत होते. डावीकडचे चष्मा पुसत होते, ते शेवटपर्यंत पुसतच होते.

"चौकशीत तुम्ही औषधांच्या दुकानात राहता असं आलंय," फाइलवाले पुतणीला म्हणाले.

"दुकानात कोणी राहत नाही, सर," ती म्हणाली. "तिथं झोपायला जागा नाही."

"मग कागद काय खोटं बोलतात?"

"हो," कंपाउंडर मागून म्हणाला.

तिघांनी वर बघितलं. चष्माही क्षणभर थांबला.

"मी हिचा काका. गावातल्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. त्या दुकानात आमच्या गावची एकशे चौदा माणसं राहतात, कागदावर. सगळ्यांचे पत्ते मी लिहिले. वर पत्र येत नाही, म्हणून लिहिले. दुकानदार माझा मेहुणा. मीच त्याला हो म्हणायला शिकवलं होतं."

"तुम्ही सरकारी नोकर आहात ना?"

"अजून चार महिने."

"आणि हे तुम्ही आमच्यापुढे सांगताय?"

"दुसऱ्या कोणी विचारलंच नाही आजवर."

डॉक्टरबाईंनी हाताने फाइलवाल्यांना थांबवलं आणि पुतणीकडे वळून विचारलं, "तुमच्या गावात डॉक्टर कधी येतात?"

"मंगळवारी."

"दर मंगळवारी?"

"येतात ते मंगळवारीच. कुठल्या मंगळवारी, ते सांगता येत नाही."

"आणि इतर दिवशी कोणी फार आजारी पडलं तर?"

"काका खाली पाठवतात. सकाळची बस गेली असली तर दुपारच्या बसची वाट बघायची. तोवर मी त्यांच्याजवळ बसते, बोलत राहते. बोलणं थांबलं की काकांना हाक मारते."

डॉक्टरबाई कंपाउंडरकडे वळल्या. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "तुम्ही आत्ता सांगितलंत ते लेखी द्याल? विचार करून सांगा. हा कागद तुमच्या खात्याकडेही जाईल."

"पेन आहे माझ्याकडे," कंपाउंडर म्हणाला.

पुतणीने त्याची बाही धरली होती. त्याने ती हळूच सोडवली, कारण लिहिताना हात हलतो. एक पानभर मजकूर झाला. खाली सही केल्यावर फाइलवाले म्हणाले, "निर्णय रजिस्टर पोस्टाने कळवू. पत्ता लिहा." पेन थांबलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने रकान्यात गावाचं नाव लिहिलं, आणि बाहेर आल्यावर तो पायरीवरच थांबला. कारण आता ते पत्र मिळणार कसं?

दुसऱ्या दिवसापासून त्याने रजा टाकली. रोज सकाळच्या बसने खाली यायचं आणि पोस्टात जाऊन विचारायचं. पोस्टातला कारकून म्हणे, "या नावाचा खणच नाही आमच्याकडे." कंपाउंडर म्हणे, "मग पत्र आलं तर कुठं ठेवाल?" कारकून म्हणे, "आलं तर बघू." एवढं झालं की तो बाकावर बसून दुपारची बस होईपर्यंत वाट बघे. दहा दिवसांत कारकुनाच्या नाकी नऊ आले. अकराव्या दिवशी कारकूनच रजेवर गेला.

त्याच दिवशी पत्र वर पोचलं. रजिस्टर पत्र ज्याच्या त्याच्या हातात द्यावं लागतं, म्हणून पोस्टमनला जावंच लागलं. तो सकाळच्या बसने चढत होता तेव्हा कंपाउंडर सकाळच्या बसने उतरत होता. अर्ध्या वाटेत दोन्ही बस एकमेकींना वाट देत थांबल्या, आणि चिडलेल्या पोस्टमनकडे बघून कंपाउंडरला वाटलं, हा बिचारा कुठे निघाला असेल.

तो दुपारी परतला तेव्हा दवाखान्यापुढे सगळं गाव गोळा झालेलं. पोस्टमन बाकावर बसला होता. त्याला चार वेळा चहा पाजून झाला होता. पुतणीच्या हातात लिफाफा होता, न फोडलेला.

"काका, तुम्ही फोडा."

त्याने फोडला, वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला.

"काय?" धाकट्या भावाने विचारलं. हा माणूस दिवसात चार शब्द बोलायचा, त्यातला हा पहिला.

"मिळाली जागा," कंपाउंडर म्हणाला. "डॉक्टर होणार."

"कधी?"

"साडेपाच वर्षांनी."

गावाने जो गलका केला त्यात पोस्टमनचं बोलणं कोणाला ऐकू येईना. शेवटी त्याने कंपाउंडरच्या खांद्याला हात लावला. "तुमचंही एक आहे. इथं सही करा."

ते खात्याचं होतं. सरकारी कागदपत्रांत असत्य पत्ते नोंदवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत पाठवावा. पुतणीने ते त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. एकतीस वर्षांची कोरी पाटी गेली. वाईट वाटलं त्याला, चांगलंच वाटलं. त्याने लिफाफा उलटा करून पाहिला. वर त्याचं पूर्ण नाव होतं, त्याखाली गावाचं.

"बस सुटायला किती वेळ आहे?" त्याने विचारलं.

"वीस मिनिटं," पोस्टमन म्हणाला.

कंपाउंडर वजनकाट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहायला लागला. 'आपली नोटीस मला माझ्या गावी, माझ्या हातात मिळाली. असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं, त्याबद्दल आधी आभार. पत्ते मीच लिहिले. ज्यांना ते लिहून दिले त्यांचा दोष नाही.' सही केली आणि कागद पोस्टमनला दिला.

पोस्टमनने पिशवी खांद्याला लावली. "आता काय सारखं यावं लागणार का इथं?" तो कुरकुरला.

"यावं लागेल," कंपाउंडर म्हणाला. "ही आता तिकडे राहणार ना. पत्र लिहील ती आम्हाला."

हे त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ते त्याला ऐकू आलं. ती आता तिकडे राहणार होती. सगळं गाव आणि पोस्टमन बघत असताना तो मटकन बाकावर बसला आणि रडायला लागला. पुतणी त्याच्याजवळ बसली आणि बोलत राहिली.