मायनस बॉडीला

आदिलाबादकडच्या बोथपासून आत, हमरस्ता सोडून बऱ्यापैकी आडबाजूला असलेल्या एका गावात उत्तमरावांचा ट्रॅक्टर होता, हे आसपासच्या दहा गावांना माहीत होतं. तो ट्रॅक्टर रोज सकाळी कोणाच्या जिवावर सुरू होतो, हेही माहीत होतं, पण ते कोणी बोलत नसे. ट्रॅक्टर उत्तमरावांचा आणि धक्का त्यांच्या बायकोचा, बयनाबाईचा. नवऱ्याच्या ट्रॅक्टरला बायकोनं धक्का मारायचा, यात बोलण्यासारखं आहे तरी काय, असंच सगळे समजून चालले होते.

ट्रॅक्टर जुना, परदेशी बनावटीचा. नांदेडकडच्या एका बागाईतदारानं वापरून वापरून सोडलेला. दारातल्या दोन बैलजोड्या गेल्या तेव्हा तो आला. त्र्याऐंशी साली त्याचा डायनमो थकला. इंजिन फिरलं की डायनमोनं वीज करायची आणि बॅटरी भरायची. तो वीज करीना म्हणून बॅटरी भरेना, आणि बॅटरी भरेना म्हणून सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’. डिझेलचं इंजिन एकदा सुरू झालं की मग त्याला बॅटरी लागत नाही, दिवसभर मुकाट चालतं. म्हणजे अडचण काय ती सकाळची. आणि सकाळी घरात बायको असतेच.

उपाय केले नाहीत असं नाही हो. नेरडीगोंड्याला हमरस्त्याच्या कडेला देवाजी नावाचा इलेक्ट्रिशियन होता. त्यानं डायनमो खोलला, ब्रश बदलले, तार नव्यानं गुंडाळली. महिना-दोन महिने बरे जायचे की पुन्हा ‘टक्’. एकदा शेजारच्या धोंडीबाची बैलजोडी लावून ट्रॅक्टर ओढला, तर अख्खं गाव दारात उभं. “ट्रॅक्टर घेतला म्हणे, अन् बैलं ओढून राह्यले!” उत्तमरावांना ते इतकं लागलं की त्यांनी पुन्हा बैलांचं नाव काढलं नाही. बैलांना हसणारं गाव बायकांना हसत नव्हतं. मग बयनाबाई आणि धोंडीबाची बायको सखूबाई, अशी जोडी ठरून गेली.

घरापुढं उतार होता. उत्तमराव संध्याकाळी उताराच्या तोंडाशी ट्रॅक्टर लावत, पण तोंडाशी म्हणजे अगदी तोंडाशी नाही. आठ-दहा पावलं सपाट राहायचीच, कारण अगदी कडेला पावसानं माती खणून नेली होती, तिथं रात्रभर ट्रॅक्टर उभा करायची भीती. ती दहा पावलं म्हणजे बयनाबाईचा जीव. वर उत्तमराव क्लच दाबून बसायचे, खाली ह्या दोघी चाकाला पाठ लावायच्या, टाच मातीत रोवायच्या आणि श्वास कोंडून रेटायच्या. ट्रॅक्टर उताराला लागला की उत्तमराव क्लच सोडायचे, इंजिन दोनदा खोकायचं आणि सुरू व्हायचं. काळ्या धुरात दोघी उभ्या राहायच्या. उत्तमराव मागं न बघता हात हलवून निघून जायचे. बयनाबाई पदरानं तोंड पुसून भाकरी थापायला बसायची. हे नऊ वर्षं चाललं.

सहा वर्षं शरीरानं काही म्हटलं नाही. मग गर्भाची पिशवी खाली सरकून तिचं अंग बाहेर यायला लागलं. बायकांना हे सांगायला नको, आणि पुरुषांना कोणी सांगत नाही. आधी फक्त धक्का मारताना, मग घागर उचलताना, मग नुसतं खोकलं तरी. बसलं की आत जायचं. तिनं फक्त सखूबाईला सांगितलं, आणि सखूबाईनं तिला ओढतच बोथच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तेलुगू, मराठी तोडकंमोडकं, पण बोलली स्पष्ट. “वजन बंद. ढकलणं एकदम बंद. नाही तर ऑपरेशन. आदिलाबाद.”

ऑपरेशनच्या नावानं बयनाबाई घाबरली. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “कंबर गेली माही. डॉक्टरीणबाईनं ढकलू नको सांगतलं.”

“कंबर त माहीबी दुखते,” उत्तमराव म्हणाले.

वाईट माणूस नव्हता, बरं का. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तिला गोडेतेल गरम करून दिलं. पण ट्रॅक्टर सकाळी सुरू करायचा होता, आणि तो तेलानं सुरू होत नव्हता. मग काय, पुन्हा धक्का. अशी आणखी तीन वर्षं गेली, आणि एके दिवशी धक्का मारता मारता बयनाबाई मातीत बसली ती उठेना. सखूबाई उत्तमरावांवर अशी काही खेकसली की त्यांनी त्याच दुपारी नेरडीगोंड्याची गाडी पकडली.

ही गोष्ट ब्याण्णवच्या उन्हाळ्यातली. देवाजी स्वतः गावात आला, पोत्यात लॉरीचा एक अल्टरनेटर, म्हणजे नव्या गाड्यांचा डायनमो, आणि एक भरलेली बॅटरी घेऊन. त्यानं मेलेला डायनमो काढला, नवी पट्टी ठोकून अल्टरनेटर बसवला, बेल्ट ताणला. दिवस त्यात गेला. बयनाबाई चहा घेऊन उभी होती तेव्हा तो बॅटरीची जोडणी करत होता.

“उत्तमराव, हिकडं पाहा,” देवाजी म्हणाला. “ह्या जुन्या गाड्यायचा कारभार येगळा. तुमची प्लसची तार बॉडीला, म्हंजे लोखंडाला, लावेल होती. अल्टरनेटरले ते चालत नाई. आजपासून मायनस बॉडीला. चुकून पहिल्यासारखी लावली त जागच्या जागी जळते. मंग माह्याकडं रडत येऊ नका.”

“मायनस बॉडीला,” उत्तमराव म्हणाले.

देवाजीनं बॅटरीच्या प्लसच्या खुंटाला लाल रंग फासला. उत्तमरावांनी बटण दाबलं. इंजिन गरगरलं आणि सुरू झालं. बयनाबाईनं हातातला कप खाली ठेवला. आपल्याला हसू येतंय की रडू, हे तिचं तिलाच कळेना.

पुढचे चार महिने तिच्या जन्मातले सगळ्यात सुखाचे. सकाळी ती चुलीपाशी बसलेली असायची आणि बाहेर ट्रॅक्टर आपला आपण सुरू व्हायचा. नुसता आवाज ऐकायचा. अंग बाहेर येणं थांबलं नाही, पण कमी झालं. डॉक्टरीणबाई म्हणाली, “असंच राहू द्या. कापायला नको मग.” बयनाबाईनं देवापुढं नारळ फोडला.

मग दसरा आला. खंडेनवमीला आपल्याकडं विळा, कुऱ्हाड, पाभर सगळं धुऊन पुजायचं असतं. उत्तमराव ट्रॅक्टरही पुजत, आणि पुजत म्हणजे वरवर नाही. बॅटरी काढून आणायची, खुंटांवर साचलेली पांढरी भुकटी सोड्याच्या गरम पाण्यानं घासायची, पुसून पाटावर ठेवायची. यंदाही ठेवली. घासताना देवाजीचा लाल रंग भुकटीबरोबर निघून गेला. दोन्ही खुंटांना हळदीकुंकू लागलं, झेंडू वाहिला, आणि उत्तमराव बॅटरी जागेवर बसवायला गेले.

हात वीस वर्षांच्या सवयीनं चालले, प्लस पुन्हा बॉडीकडं. एका खुंटाला तारेची कडी ढिली बसली, म्हणून त्यांनी पत्र्याचा तुकडा खोचला. दुसरी बसेचना, म्हणून हातोडी मागवली. बयनाबाई आरतीचं ताट घेऊन शेजारी होती.

“आवो, देवाजी कायतरी सांगत होते नं त्याचं?”

“तुले काय समजते त्यातलं? वीस वर्षं मीच लावून राह्यलो.”

कडी टेकली तशी मोठी ठिणगी उडाली. अल्टरनेटरकडं जाणारी तार लाल झाली आणि रबर जळल्याचा वास सुटला. उत्तमरावांनी कडी उपटून काढली. मग कड्या अदलाबदल करून लावल्या, जळकी तार कापडानं गुंडाळली आणि बटण दाबलं. बॅटरी भरलेली होती, इंजिन सुरू झालं.

“झालं का काई? नाई झालं,” ते तिच्याकडं न बघता म्हणाले. “सणावारी तोंड वाकडं करू नको.”

ती ताट घेऊन आरतीला उभी राहिली. पण अल्टरनेटर जळाला हे तिला कळलं होतं, आणि त्यांनाही. त्यांनी देवाजीकडं जायला हवं होतं, आणि कोणत्या तोंडानं जायचं म्हणून ते गेले नाहीत. सेल्फचा आवाज रोज थोडा बसत गेला. चुलीपाशी बसून बयनाबाई तो ऐकत होती.

आठव्या दिवशी ‘टक्’.

रब्बीच्या ज्वारीसाठी रानाला नेमका वापसा, पेरणीजोगा ओलावा, आला होता. दोन दिवसांत रान धरलं नाही तर काळी माती दगड होते. उत्तमरावांनी दारात येऊन हाक मारली. “बयना, ये जराशी. सखूबाईलेबी बोलाव. आजच्या दिवस.”

ती बाहेर आली. तिला राग आला होता, पण रागापेक्षा शीण जास्त होता. नऊ वर्षांचा सगळा शीण एकदम अंगावर आला. ती चाकामागं गेली नाही. मडगार्डला धरून, दमानं, वर चढली आणि सीटवर बसली.

“कुठं बसून राह्यली व?”

“मी वर बसतो. तुमी ढकला.”

“तुले क्लच समजते का?”

“नऊ वर्षं मांगून आयकून राह्यली. समजते.”

धोंडीबा कुंपणापाशी दात कोरत उभा होता, तो हसत पुढं आला. उत्तमरावांना मग दुसरा मार्ग राहिला नाही. त्यांनी गिअर टाकून दिला, तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक धरून क्लच दाबला, आणि दोघा पुरुषांनी पाठ लावली. ट्रॅक्टर हलेना. पुन्हा रेटा. दहा पावलं जायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. उताराला लागल्यावर तिनं क्लच सोडला तो जरा लवकर. हिसका बसला, इंजिन खोकलं. तिनं पुन्हा दाबला, चाकांना वेग येऊ दिला, सोडला. इंजिन धडधडलं. तिनं क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरले.

उत्तमराव धापा टाकत आले, फुटबोर्डवर चढले आणि गिअर सोडवला. तोंड लाल, सदरा घामानं चिकटलेला.

“लई जड हाय व बयना,” ते म्हणाले. “छाती फुटते.”

ते अगदी जवळ होते आणि इंजिनच्या आवाजात दुसऱ्या कोणाला काही ऐकू जाणार नव्हतं. म्हणून ती बोलली.

“माही कंबर नाई दुखत. अंग बाहेर येते माहं. तीन वर्षं होऊन गेले. डॉक्टरीणबाई म्हणे, ढकललं त कापा लागते.”

उत्तमरावांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

“चाला उत्तमराव!” खालून धोंडीबा ओरडला. “वापसा चालला!”

उत्तमरावांनी हात लांब केला आणि स्टॉपचा दांडा ओढला. इंजिन बंद पडलं.

“आवो, बंद काऊन केलं?” धोंडीबा म्हणाला. “आता पुन्ना कोण ढकलन?”

“कोणीच नाई,” उत्तमराव म्हणाले. मग तिला म्हणाले, “उतर. सावकाश. आदिलाबादची गाडी कितीले हाय?”

उत्तमरावांनी पुन्हा गिअर टाकला, तेव्हा तिनं ब्रेकवरचा पाय काढला. ती तशीच बसून राहिली, आणि उत्तमराव खाली उतरून हात वर धरून उभे राहिले.