लेडीज पोलीस आल्याशिवाय

कोर्टाची ऑर्डर टेबलावर पडली होती, जीपमध्ये डिझेल होतं, आणि आम्ही सगळे नुसते बसून होतो. मी पोलीस खात्यात ड्रायव्हर. सातवी पास. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठाणं, नाव सांगत नाही. नव्वदच्या पुढचं साल, मे महिना.

ऑर्डर शालन नावाच्या बाईची होती. तिचा भाऊ संपत मिल्ट्रीत. रजा घेऊन आला आणि सगळी रजा कोर्टाच्या व्हरांड्यात घालवली. शालन आठ दिवस झोपली नव्हती. दोनदा एसटीपुढे धावली, म्हणून घरच्यांनी गोठ्यात बांधली होती. असं माणूस आपल्या पायानं दवाखान्यात येत नाही. मग डॉक्टरचे दाखले बघून कोर्ट पोलिसांना सांगतं, हिला मेंटल हॉस्पिटलात नेऊन दाखल करा. त्या कागदाला रिसेप्शन ऑर्डर म्हणतात. कायदा तेव्हा नवा होता.

बाई पेशंट असली की गाडीत लेडीज पोलीस पाहिजे. नियम चांगलाच. त्याआधी अशा बायकांना कसं नेत होते ते मी बघितलंय, लिहिणार नाही. पण आमच्या ठाण्याला लेडीज पोलीस नव्हती. सांगलीहून मागवायची. त्या दिवशी तिथल्या सगळ्या मंत्र्याच्या सभेला बंदोबस्तावर.

फौजदार म्हणाले, उद्या मिळेल.

"साहेब, कालपासनं ती पाणी सुदिक घेईना," संपत म्हणाला.

एवढ्यात आमची ही माझा डबा घेऊन आली. आमची खोली ठाण्याच्या मागंच. तिनं दारात उभं राहून सगळं ऐकलं.

"मी बसते की तिच्याजवळ. बाई न्हवं व्हय मी?"

फौजदार हसले. "वहिनी, तुमचा बक्कल नंबर किती?" बक्कल नंबर म्हणजे पोलिसाचा खात्यातला नंबर.

"तिला काय नंबर वाचायचाय व्हय?"

फौजदारांचं हसू गेलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझ्या जबाबदारीवर नेतोस का? मी अडवत नाही."

"नको साहेब. नियम हाय."

वाटेत बाईनं उडी टाकली असती तर माझी नोकरी गेली असती. नियमाचं नाव पुढं केलं, खरं कारण हे. हिनं डबा बाकावर ठेवला आणि निघून गेली. संपत शेवटच्या एसटीपर्यंत पायरीवर बसून होता.

दुसऱ्या दिवशी दहाला लेडीज पोलीस आली. आम्ही गेलो. शालन गोठ्यातच होती, पण दावं सोडलेलं. संपत तिच्या मनगटावरचे वळ ओल्या फडक्यानं पुसत होता. पहाटे गेली म्हणाला. मग खिशातनं ऑर्डरची नक्कल काढली.

"मामा, ही परत द्याया लागती का?"



डॉक्टरनं लिहिलं, उन्हानं आणि पाण्यावाचून गेली. चौकशी झाली. सगळं नियमानं झालं म्हणून निकाल आला. फौजदार म्हणाले, बरं झालं तू नको म्हणालास.

त्यानंतर ही कधी ठाण्यात आली नाही. मीच घरी जाऊन जेवायचो. त्यावरनं ती मला एका शब्दानंही बोलली नाही. आता तिला जाऊन वर्ष होत आलं, आता बोलायचीही नाही.

लेडीज पोलीस पाहिजे एवढं नियमात होतं. नसली तर काय करायचं, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नाही. न विचारणाऱ्याची नोकरी पुरी होते. माझी झाली.